एका सिग्नलचे चार: मॉड्युलर सिंथचं मल्टिपल घरी बांधताना

युरोरॅक, म्हणजे ठरलेल्या मापाची मॉड्यूल्स बसवायची सिंथची चौकट, घेतल्यावर पहिली अडचण फार लवकर येते. सिक्वेन्सरमधून (सुरांची रांग वाजवणाऱ्या मॉड्यूलमधून) सुराचं व्होल्टेज एकाच जॅकमधून निघतं आणि ते दोन ऑसिलेटरना (आवाज निर्माण करणाऱ्या मॉड्यूलना) द्यायचं असतं. गेट, म्हणजे सूर कधी सुरू आणि कधी बंद हे सांगणारा सिग्नल, एकच, पण एन्व्हलपही (आवाजाचा चढ-उतार) सुरू करायचा आणि क्लॉकही (तालाचे ठोके) पुढे न्यायचा. यासाठी जे पॅनेल लागतं त्याला मल्टिपल म्हणतात, बोलताना नुसतं मल्ट. त्यात चार-पाच जॅक आणि थोडी तार यापलीकडे फारसं काही नसतं. सोल्डरिंग शिकायला याहून सोपं मॉड्यूल नाही, म्हणून हे विकत आणू नका, बांधा.

इथे दोन पॅनेलं दिली आहेत. पहिलं साधं, बिनविजेचं. एका दुपारी होतं. दुसरं बफरवालं, त्याला दोन संध्याकाळी द्या. ज्यांनी कधीच सोल्डरिंग केलेलं नाही त्यांनी दुसऱ्यापासून सुरुवात करू नये.

१. आधी ठरवा: साधं की बफरवालं

साध्या मल्टिपलमध्ये चार जॅक तारेने एकमेकांना जोडलेले असतात. एकात सिग्नल घाला, उरलेल्या तिघांतून काढा. बफरवाल्यात प्रत्येक आउटपुटमागे एक ऑप-अँप (इथे सिग्नलची न गळणारी प्रत काढणारा भाग) असतो, त्याला रॅकमधून अधिक-उणे १२ व्होल्ट लागतात.

फरक कुठे पडतो ते आकड्यांत बघू. युरोरॅकमधल्या पुष्कळ मॉड्यूल्सच्या आउटपुटशी १ के (एक हजार ओम) रेझिस्टर असतो आणि इनपुटचा रोध साधारण १०० के असतो. सिक्वेन्सर ५ व्होल्ट देतोय असं धरा. एकच ऑसिलेटर जोडला तर त्याला ४.९५ व्होल्ट मिळतात. साध्या मल्टिपलवरून दोन जोडले तर प्रत्येकाला ४.९०, तीन जोडले तर ४.८५. एकावरून तिनावर जाताना जवळजवळ १०० मिलिव्होल्ट गळाले. युरोरॅकमध्ये १ व्होल्ट म्हणजे एक सप्तक, त्यामुळे एक अर्धस्वर साधारण ८३ मिलिव्होल्टचा. म्हणजे तिसरी केबल खोचेपर्यंत सूर एकूण एका अर्धस्वराहून जास्त उतरला.

ट्यूनिंगचा नॉब फिरवून हे सुधारेल असं वाटतं, पण सुधारत नाही. इथे सगळे सूर सारखे खाली सरकत नाहीत, मधलं अंतरच आकसतं. दोन ऑसिलेटर लावल्यावर दर सप्तकामागे सुमारे १२ सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) कमी पडतात. खालचा सा जुळवला की वरचा सा उतरलेला, वरचा जुळवला की खालचा चढलेला. आपण बांधतोय इंदुरात, आणि गायक उस्ताद अमीर खाँच्या या गावात हे कोणी ऐकून घेणार नाही.

हेच गणित ऑडिओला लावा. तीन ठिकाणी वाटल्यावर आवाज एक-चतुर्थांश डेसिबेलच्या आसपास कमी होतो. कानाला पत्ता लागत नाही. गेटला तर काहीच फरक नाही: ५ व्होल्टचं गेट ४.८५ झालं तरी समोरचं मॉड्यूल ते गेटच समजतं. एलएफओ (हळू डोलणारा ऑसिलेटर), एन्व्हलप यांचंही तसंच.

तेव्हा सुराच्या व्होल्टेजसाठी बफरवालं आणि बाकी सगळ्यासाठी साधं. रॅकमध्ये दोन साधी आणि एक बफरवालं असलं की बराच काळ पुरतं.

काही सिक्वेन्सरांत आउटपुटचा १ के ऑप-अँपच्या फीडबॅकच्या (आउटपुट परत इनपुटकडे नेणाऱ्या फेऱ्याच्या) आत घेतलेला असतो. तिथे व्होल्टेज पडत नाही, साधं मल्टिपलही चालून जातं. तुमचा कुठल्या जातीचा आहे ते दोन मिनिटांत कळतं. ५ व्होल्टचा सूर थांबवून धरा, मल्टिमीटर लावा. मग टिप (पिनेचं टोक) आणि ग्राउंडच्या मध्ये १० के रेझिस्टर टेकवा. आकडा ५ वर ठाम राहिला तर बफरची गरज नाही, ४.५ च्या आसपास उतरला तर आहे.

२. सामान

साध्या मल्टिपलसाठी (एकाचे तीन, असे दोन गट):

– ३.५ मिमी मोनो जॅक, पॅनेलला नटाने बसणारे: ८ (घ्या १०, एखादा वितळतोच)
– पॅनेलचा तुकडा, १२८.५ × २० मिमी
– टिनचा थर दिलेली उघडी तांब्याची तार, २२ गेज: अर्धा मीटर
– साधी प्लास्टिकवाली वायर: एक वीत
– एम३ स्क्रू, ६ मिमी: २

बफरवाल्यासाठी (एकाचे चार):

– टीएल०७४ आयसी, जाड पायांचा म्हणजे डीआयपी: १, आणि १४ पिनचा आयसी बेस
– जॅक: ५
– रेझिस्टर, पाव वॉट मेटल फिल्म: १०० के १, १ के ४, २२ के ४
– सिरॅमिक कपॅसिटर: १०० पिकोफॅरड ४ (वर १०१ लिहिलेलं असतं), ०.१ मायक्रोफॅरड २ (वर १०४)
– इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर: १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट: २
– १एन५८१९ डायोड: २
– १० पिनचा बॉक्स हेडर, राईट अँगल: १, आणि तुमच्या रॅकच्या बसबोर्डला (वीज वाटणाऱ्या पट्टीला) जुळेल अशी एफआरसी म्हणजे चपटी रिबन केबल
– जनरल पर्पज पीसीबी, म्हणजे ठिपक्यांचा बोर्ड: लहानसा तुकडा
– पॅनेलचा तुकडा, १२८.५ × ३० मिमी, आणि एक छोटी एल पट्टी

हत्यारं: २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, डिसोल्डर पंप, बीप देणारा मल्टिमीटर, ड्रिल, २.५, ३.२ आणि ६ मिमीचे बिट, सेंटर पंच, गुण्या, गोल कानस, शेगडा. व्हर्नियर असेल तर फार बरं. नसेल तर स्टीलची पट्टी.

३. इंदूरच्या बाजारात

रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी, बेस, एफआरसी हे सगळं महाराणी रोडवर मागा. दुकानात हिंदीच चालते आणि शब्द ठरलेले आहेत. ‘थोंकीकॉन’ (युरोरॅकवाले ३.५ मिमी जॅकला म्हणतात ते नाव) म्हणाल तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तिथे त्या जातीच्या सॉकेटला ईपी सॉकेट म्हणतात. ‘साडेतीन एमएम, मोनो, नटवाला’ असं सांगा. मोनो नसेल आणि स्टिरिओ दिला तरी चालतो: रिंगचा पाय मोकळा सोडायचा, टिप आणि ग्राउंड तेवढे वापरायचे. फक्त पीसीबीवर आडवा बसणारा बिननटाचा सॉकेट घेऊन घरी येऊ नका, तो पॅनेलला धरतच नाही. युरोरॅकमध्ये रूढ असलेला उभा जॅक हवा असेल तर तो ऑनलाइन मागवावा लागेल; डब्ल्यूक्यूपी५१८एमए किंवा पीजे३९८एसएम या नावाने शोधा.

जॅक हातात आल्याशिवाय पॅनेलला भोक पाडायचं नाही. उभ्या जॅकच्या मानेला ६ मिमी भोक लागतं, पण दुकानातल्या ईपी सॉकेटची मान वेगळी निघू शकते.

पॅनेलसाठी तीन पर्याय. १.५ किंवा २ मिमी ॲल्युमिनियम पत्रा उत्तम. सियागंजात किंवा लोहा मंडीत तुकडा मिळतो. दुसरा, कॉपर क्लॅड बोर्ड: ‘ग्लास इपॉक्सी’ मागा, ‘हायलम’ नको, कारण हायलम ड्रिल करताना कडेला फुटतं. १.६ मिमी जाडी अगदी योग्य आणि तांब्याची बाजू मागे ठेवली की ग्राउंडचा पडदाही होतो. तिसरा, ॲक्रिलिक. पाटीवाल्याकडे लेझरने कापून मिळतं, दिसतंही छान, पण बहुधा ३ मिमी गळ्यात घालतात. तेवढ्या जाडीत जॅकची मान बाहेर जेमतेम डोकावते आणि नटाला दोन आटेसुद्धा मिळत नाहीत. २ मिमी मिळालं तरच घ्या.

रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याकडचा बेत ठेवू नका. बाकी सकाळी पोहे-जिलबी आटोपून निघालात तर दुपारपर्यंत यादी पुरी होते.

४. पॅनेल आखणं आणि भोकं पाडणं

युरोरॅकची मापं डीटर डोपफर यांच्या ए-१०० प्रणालीतून रूढ झाली. पॅनेलची उंची १२८.५ मिमी. रुंदी एचपीत मोजतात आणि १ एचपी म्हणजे ५.०८ मिमी. पण ४ एचपीचं पॅनेल २०.३ कापू नका, २०.० कापा. ६ एचपीचं ३०.०. ती तीन ते पाच दशांशांची सूट नसेल तर शेजारचं मॉड्यूल अडतं आणि मग दोन्ही कानसत बसावं लागतं.

रेलवर बसणारी भोकं ३.२ मिमी, डाव्या कडेपासून ७.५ मिमी, वरच्या आणि खालच्या कडेपासून ३ मिमी. अरुंद पॅनेलला वर एक, खाली एक पुरे.

४ एचपीच्या साध्या मल्टिपलमध्ये आठही जॅक एका उभ्या रेषेत, डाव्या कडेपासून १० मिमी. वरच्या कडेपासून अंतरं अशी: १८.७५, ३१.७५, ४४.७५, ५७.७५, ७०.७५, ८३.७५, ९६.७५, १०९.७५. जॅकमध्ये १३ मिमी अंतर राहतं. याहून जवळ घेतलंत तर एक केबल काढताना बोटं दुसरी केबल ओढतात. वर-खाली १८ मिमी मोकळे सोडलेत ते रेलच्या ओठासाठी. जॅक त्याहून वर नेला तर त्याचं बूड रेलला लागतं.

आखणी कागदावर करून तो पॅनेलला चिकटवा आणि खुणा कागदावरूनच सेंटर पंचने ठोका. पंच न ठोकता ड्रिल लावलं की बिट घसरतो आणि रेषा नागमोडी होते. आठ जॅकच्या रांगेत एक मिमी चूकही लांबून दिसते. आधी २.५ मिमी, मग ६ मिमी. पॅनेल हातात धरून ड्रिल करायचं नाही: ६ मिमीचा बिट पत्र्याच्या पलीकडे निघताना अडकतो आणि अख्खा पत्रा पंख्यासारखा फिरवतो. खाली लाकडी फळी, वर दोन क्लॅम्प. ॲल्युमिनियम बिटाला चिकटतं, म्हणून दोन थेंब रॉकेल किंवा शिवणयंत्राचं तेल टाका. भोकाच्या कडेचा बर (उरलेली धारदार कड) मोठा बिट हातानेच फिरवून काढा. ग्लास इपॉक्सी कापत असाल तर मास्क लावा आणि तुकडा ओला ठेवा. ती धूळ काचेची असते.

५. साध्या मल्टिपलची जोडणी

आधी जॅकचे पाय ओळखा. चित्रं बघून ओळखू नका, मीटरने ओळखा. जॅकमध्ये एक पॅच केबल खोचा. केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टिपशी जो पाय बीप देतो तो टिप. स्लीव्हशी (पिनेच्या मागच्या भागाशी) जो देतो तो ग्राउंड. उरलेला स्विच: केबल काढल्यावर तो टिपला चिकटतो, खोचल्यावर सुटतो.

आता सगळे जॅक पॅनेलमध्ये बसवून नट आवळा आणि सगळ्यांचे ग्राउंड एकाच बाजूला आणा. सोल्डर त्यानंतर. आधी जॅक जोडून मग पॅनेलमध्ये घालू म्हटलं तर कडक तार जॅकना जागेवर बसू देत नाही.

पहिली तार ग्राउंडची. उघडी तार आठही ग्राउंड पायांवरून सरळ न्या आणि प्रत्येक ठिकाणी सोल्डर करा. ‘पॅनेल धातूचं आहे, ग्राउंड आपोआप मिळेल’ या भरवशावर ही तार गाळू नका. साध्या मल्टिपलला विजेची केबल नसते, त्याचं ग्राउंड पॅच केबलच्या स्लीव्हमधून येतं. रंगवलेल्या किंवा ॲनोडाइज केलेल्या पॅनेलवर ते मध्येच तुटतं. आवाज चालू राहतो, पण मागे ५० हर्ट्झची गुणगुण येते आणि तुम्ही दोन दिवस पॉवर सप्लायला दोष देत बसता.

दुसरी तार जॅक १ ते ४ च्या टिपना. तिसरी ५ ते ८ च्या टिपना. या दोघी एकमेकींना शिवता कामा नयेत, ग्राउंडलाही नाही. उघड्या तारा शेजारून जात असतील तर एकीवर जुन्या वायरचं सोललेलं प्लास्टिक चढवा.

सोल्डर करताना त्या जॅकमध्ये एक जुनी पिन खोचून ठेवा. जॅकचं अंग प्लास्टिकचं असतं. पाय तापला की आतली पत्ती हलते आणि थंड झाल्यावर वाकडी बसते. पिन आत असली की पत्ती जागेवर राहते. एका पायाला दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. सोल्डर धरलं नाही तर जागा थंड होऊ द्या, मग परत. तिथेच दाबून बसण्याने जॅक जातो.

आता एक छोटी युक्ती. जॅक ५ चा स्विचचा पाय साध्या वायरने पहिल्या गटाच्या तारेला जोडा. जॅक ५ रिकामा असेल तर दोन्ही गट एक होतात आणि १ मध्ये दिलेला सिग्नल सहा ठिकाणी निघतो: २, ३, ४, ६, ७, ८. जॅक ५ मध्ये केबल खोचली की दुसरा गट आपोआप वेगळा. सापळा मात्र लक्षात ठेवा: दुसरा सिग्नल ५ मध्येच द्यायचा. तो चुकून ६ मध्ये दिलात तर गट वेगळे होत नाहीत आणि दोन आउटपुटं एकमेकांवर येतात. म्हणून ५ भोवती रंगाने गोल काढून ठेवा.

दोन आउटपुटं एका साध्या मल्टिपलमध्ये कधीच घालायची नाहीत. हे मिक्सर नव्हे. दोन्हींना १ के असेल तर ५ व्होल्ट आणि ० व्होल्ट मिळून अडीच होतात, एवढंच. पण ज्या मॉड्यूलच्या आउटपुटला रेझिस्टरच नाही, तिथे दोन ऑप-अँप एकमेकांना ढकलत बसतात आणि तापतात.

६. रॅकमध्ये घालण्याआधी

मीटर बीपवर. १ ते ४ च्या टिप एकमेकांशी: बीप. कुठलीही टिप ग्राउंडशी: शांतता. ५ मध्ये काही नसताना १ आणि ८: बीप. ५ मध्ये रिकामी केबल घातल्यावर १ आणि ८: शांतता. या चार परीक्षा उतरल्या की स्क्रू मारा.

७. बफरवालं मल्टिपल

टीएल०७४ मध्ये चार ऑप-अँप एकत्र येतात आणि आपल्याला चार आउटपुटं हवीत, एकही वाया जात नाही. आयसीचे पाय असे:

– पहिला: अधिक इनपुट ३, उणे इनपुट २, आउटपुट १
– दुसरा: अधिक ५, उणे ६, आउटपुट ७
– तिसरा: अधिक १०, उणे ९, आउटपुट ८
– चौथा: अधिक १२, उणे १३, आउटपुट १४
– वीज: पाय ४ ला +१२, पाय ११ ला −१२

इनपुट जॅकची टिप ३, ५, १० आणि १२ या चारही पायांना जोडा. त्याच टिपपासून ग्राउंडला १०० के. केबल नसताना इनपुट हवेत लोंबकळू नये म्हणून तो आहेच, पण त्याचं दुसरंही काम आहे. सिक्वेन्सरला आता समोर एकच १०० के दिसतो, म्हणजे थेट एक ऑसिलेटर जोडल्यासारखं. मल्टिपल मध्ये आल्याने आधी जुळवलेलं ट्यूनिंग हलत नाही.

आता प्रत्येक आउटपुट, आणि नवशिके चुकतात ते इथे. सर्वांत सोपी आकृती म्हणजे आउटपुटचा पाय उणे इनपुटला जोडायचा आणि जॅककडे जाताना मध्ये १ के घालायचा. ती चालते, पण तो १ के ऑसिलेटरच्या १०० के समोर पुन्हा एक टक्का खातो. ज्या गळतीपासून सुटण्यासाठी बफर बांधला तीच मागच्या दाराने परत आली. म्हणून १ के फीडबॅकच्या आत घ्यायचा, असा:

– आयसीच्या आउटपुटपासून जॅकच्या टिपला १ के
– जॅकच्या टिपपासून उणे इनपुटला २२ के
– आयसीच्या आउटपुटपासून उणे इनपुटला १०० पिकोफॅरड

ऑप-अँप आता जॅकवरचं व्होल्टेज बघतो आणि १ के मध्ये जे पडेल ते स्वतः भरून काढतो. १०० पिकोफॅरड कशाला? लांब केबलची स्वतःची धारिता असते, ती या फेऱ्यात उशीर घालते आणि ऑप-अँप ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर थरथरायला लागतो. हा छोटा कपॅसिटर त्याला आवरतो. ‘आकृतीत बारीकसं काहीतरी आहे’ म्हणून गाळू नका.

विजेची बाजू. १० पिनच्या हेडरवर एका टोकाची जोडी −१२, मधल्या तीन जोड्या ग्राउंड, दुसऱ्या टोकाची जोडी +१२. एफआरसी केबलची लाल पट्टी −१२ च्या बाजूला येते. आपल्याकडे लाल म्हणजे अधिक हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की पहिली चूक बहुधा इथेच होते. बोर्डावर मार्करने ‘लाल = उणे’ असं लिहूनच टाका.

+१२ वरून डायोडचा बिनपट्टीचा पाय, पट्टीचा पाय पुढे आयसीकडे. −१२ वर उलट: पट्टी हेडरकडे. डायोडनंतर प्रत्येक बाजूला १० मायक्रोफॅरड. अधिक बाजूच्या कपॅसिटरचा उणे पाय ग्राउंडला. उणे बाजूच्या कपॅसिटरचा अधिक पाय ग्राउंडला. हा दुसरा उलटा बसला तर तापतो, फुगतो आणि फुटतोही. ०.१ मायक्रोफॅरडचे दोन आयसीच्या अगदी पोटाशी: एक पाय ४ आणि ग्राउंडमध्ये, दुसरा पाय ११ आणि ग्राउंडमध्ये. दोन इंच लांब लावून उपयोग नाही.

पॅनेल ६ एचपी घ्या. जॅक डाव्या कडेपासून २० मिमीवर, वरून २८.२५, ४६.२५, ६४.२५, ८२.२५ आणि १००.२५. डावीकडच्या मोकळ्या जागेत बोर्ड पॅनेलला काटकोनात, एल पट्टीने. हेडर राईट अँगल घ्यायला सांगितला तो यासाठी: सरळ हेडर लावला तर केबलचं कनेक्टर शेजारच्या मॉड्यूलच्या पोटात शिरतं. बोर्डाची खोली ३५ मिमीच्या आत ठेवा, नाहीतर उथळ केसमध्ये बसणार नाही.

८. पहिल्यांदा वीज देताना

आयसी बेसमध्ये न घालता सुरू करा. आधी वीज बंद असताना मीटरने बघा: पाय ४ आणि ग्राउंड, पाय ११ आणि ग्राउंड, पाय ४ आणि ११. कुठेही सलग बीप नको. कपॅसिटर भरताना क्षणभर टिक आला तर हरकत नाही. मग रॅक सुरू करून काळा प्रोब ग्राउंडला, लाल पाय ४ ला: ११.७ ते १२. पाय ११ ला: तेवढंच, उणे चिन्हासह. चिन्हं उलटी आली तर थांबा.

वीज बंद करून आयसी घाला. त्याची खाच बेसच्या खाचेकडे. टीएल०७४ उलटा बसला की पाय ४ च्या जागी ११ येतो, म्हणजे अधिकच्या जागी उणे, आणि हेडरजवळचे डायोड इथे काही वाचवत नाहीत. सुरू केल्यावर आयसीच्या पाठीवर बोट ठेवा. कोमट ठीक, चटका बसला तर लगेच बंद.

इनपुट रिकामं असताना चारही आउटपुटं शून्याच्या जवळ हवीत. टीएल०७४ ची चूक सहसा ३ मिलिव्होल्टच्या आसपास असते, साध्या सी आवृत्तीत १० पर्यंत जाऊ शकते. ३ मिलिव्होल्ट म्हणजे साडेतीन सेंट. पण ही चूक पहिल्या विभागातल्या चुकीपेक्षा वेगळ्या जातीची आहे: ती सगळ्या सुरांना सारखीच सरकवते, त्यामुळे ऑसिलेटरच्या नॉबने एकदा जुळवली की सगळी सप्तकं जुळलेली राहतात. महागडा आयसी त्यामुळे पहिल्याच बांधणीत नको.

मोजायची पद्धत नीट ठेवा. साधा मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टच्या पायरीने आकडा दाखवतो, म्हणजे १२ सेंट. आपल्याला बघायचं आहे ते त्याला दिसतच नाही. त्याऐवजी सिक्वेन्सरमधून ५ व्होल्ट द्या, मीटर २०० मिलिव्होल्टवर घ्या, एक प्रोब इनपुटच्या टिपला आणि दुसरा आउटपुटच्या टिपला. आता मीटर फक्त दोघांमधला फरक दाखवतो, तोही ०.१ मिलिव्होल्टपर्यंत. हाच फरक ० व्होल्ट देऊनही बघा. दोन्ही वेळा आकडा तोच आला तर बफर अंतर आकसवत नाही. ५ व्होल्टला आकडा बराच बदलला तर त्या आउटपुटचा २२ के जॅकच्या टिपऐवजी चुकून आयसीच्या पायाला लागलाय, हे जवळपास नक्की. मात्र ही खूण ऑसिलेटर जोडलेला असतानाच दिसते. मोकळ्या आउटपुटवर १ के मधून प्रवाहच जात नाही. म्हणून मोजताना आउटपुटवर १०० के टेकवून ठेवा.

९. बिघाड ओळखताना

एक आउटपुट १० व्होल्टच्या आसपास अडकलंय: त्या ऑप-अँपचं उणे इनपुट सुटलंय. २२ के चे दोन्ही सांधे बघा.

चारही आउटपुटं एकदम मेलेली: आयसीकडे नंतर बघा, आधी इनपुट जॅक तपासा. टिपऐवजी स्विचच्या पायावर वायर लागली असेल, तर केबल खोचताच जोडणी तुटते.

सूर सुरू होताना किंचित खरखर किंवा ऑसिलेटर अस्थिर: ०.१ मायक्रोफॅरड विसरलात, किंवा १०० पिकोच्या जागी १०४ बसलाय. दोन्ही दिसायला सारखे, पिवळट आणि मसुराएवढे. भिंगाखाली आकडा वाचा.

खूप खोल उणे सिग्नल दिल्यावर आउटपुट अचानक उलट बाजूला उडी मारतं: हा टीएल०७४ चा स्वभाव आहे. इनपुट उणे पुरवठ्याच्या फार जवळ गेलं की तो पलटी खातो. नेहमीच्या अधिक-उणे ५ व्होल्टमध्ये असं होत नाही. दोन-तीन एलएफओ मिक्सरमध्ये मिळवून इथे आणले असतील तर मिक्सरची पातळी उतरवा.

कधी चालतं, कधी नाही, आणि पॅनेल दाबलं की चालतं: थंड सांधा. निस्तेज, दाणेदार दिसणारा सांधा शोधा, पंपने जुनं सोल्डर ओढून घ्या आणि नवं द्या. जुन्यावरच आयर्न टेकवून चमकवलेला सांधा आठवड्याने परत सुटतो.

नावं पॅनेलवर सगळं तपासून झाल्यावरच लिहा. जाड कागदावर छापून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली तरी पुरे. भोकं ब्लेडने कापा आणि नट वरून आवळा, म्हणजे कागद कडेने सुटत नाही. बफरवाल्याच्या इनपुट जॅकला काळ्याऐवजी चंदेरी नट लावा, अंधारात पॅच करताना तोच उपयोगी पडतो.